तोंड वाकडं झालं? भुवया वर करून दाखवा

लालबागची चाळ, सकाळचे साडेसहा, काका मोरीत चूळ भरतायत. भरतायत कसली, पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळतंय आणि गंजी भिजतेय. त्यांना वाटलं दाढेची काहीतरी भानगड असेल. मग आरशात बघितलं. तोंड उजवीकडे ओढलेलं, आणि डावा डोळा मिटायला गेले तर पापणी अर्ध्यावरच थांबली, बुबुळ वर सरकलं आणि नुसतं पांढरं दिसायला लागलं.

चाळ म्हटल्यावर दहा मिनिटांत दहा सल्ले. लोकलच्या दारात उभे राहता ना, वारं लागलं. तेल चोळा. लकवाच आहे हा. काकूंनी कोणाचं ऐकलं नाही, टॅक्सी केली आणि थेट परळचं मोठं हॉस्पिटल.

डॉक्टर म्हणाले, भुवया वर करा बघू. उजवीकडे आठ्या आल्या, डावं कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. खरी गोम इथेच आहे, कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून ऑर्डर येते, त्यामुळे मेंदूत एका बाजूला स्ट्रोक झाला तर बहुतेक वेळा चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडतो पण आठ्या पडतात. काकांच्या आठ्याच गेल्या होत्या, म्हणजे बिघाड चेहऱ्याच्या नसेत. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते, तिथे सुजली की दबते. या आजाराचं नाव बेल्स पाल्सी, चार्ल्स बेल या स्कॉटिश सर्जनच्या नावावरून. जिभेच्या पुढच्या भागाची चवही याच नसेतून जाते, म्हणून आदल्या रात्री काकांना आमटी बेचव लागली होती आणि काकूंना उगाच बोलणी बसली होती, ते वेगळंच.

पण हे बघून घरच्या घरी निकाल लावू नका हां, कधीकधी स्ट्रोकमध्येही कपाळ जातं. त्यात हात उचलत नसेल, बोलणं अडखळत असेल तर लगेच १०८, कारण स्ट्रोकमध्ये मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. बेल्स पाल्सीतही स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या.

काकांना जास्त पिडलं ते डोळ्याने. मिटतच नाही म्हणजे कोरडा पडणार, म्हणून दिवसा ड्रॉप, रात्री मलम आणि वर पट्टी.

आज अडीच महिने झाले. काका बशीत चहा ओततात, फुंकर मारतात. थोडी हवा अजून डावीकडून निसटते.