सन १६०७ : अल्स्टरचं पोरकेपण

श्रोतेहो, नमस्कार. आयर्लंडच्या इतिहासातलं एकच वर्ष आज सांगायचं आहे, १६०७.

त्या सप्टेंबरात उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात, लॉक स्विलीच्या खाडीवरच्या रॅथमलनहून एक जहाज स्पेनकडे निघालं. जहाजावर शंभरेक माणसं. टिरोनचे उमराव ह्यू ओनील, टिरकॉनेलचे रोरी ओडॉनेल, त्यांचे नातलग, चाकर. याच ओनीलांनी नऊ वर्षं इंग्रजांशी झुंज दिली होती. १६०१ मध्ये किन्सेलला हार झाली, १६०३ मध्ये ते शरण आले. ज्या राणी एलिझाबेथपुढे शरणागती पत्करली, ती सहा दिवसांपूर्वीच वारली होती, आणि हे त्यांना कळू दिलं नव्हतं!

तहात जमिनी परत मिळाल्या, पण टिकवणं कठीण झालं. आपल्याच एका मांडलिकाशी चाललेला जमिनीचा तंटा इंग्लंडच्या नव्या राजापर्यंत, जेम्सपर्यंत, गेला आणि ओनीलांना लंडनचं बोलावणं आलं. तिथं गेलो की अटक, अशी कुणकुण लागली. तेवढ्यात जहाज आलं. ओनीलांचा धाकटा मुलगा कॉन गेलिक, म्हणजे जुन्या आयरिश रिवाजाप्रमाणे दुसऱ्या घरी वाढत होता. घाईत तो सापडला नाही, आणि त्याच्याविनाच आईबाप निघाले. पोर इंग्रजांच्या हाती लागलं, पुढे टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत पडलं. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त छळतो तो हा कॉन.

वादळानं जहाज नॉर्मंडीच्या किनाऱ्याला लागलं. स्पेनची फौज घेऊन परतायची आशा होती, पण स्पेननं १६०४ मध्येच इंग्लंडशी तह केलेला, मग फौज कोण देणार? रोरी १६०८ मध्ये रोमला वारले, ओनील १६१६ मध्ये तिथंच.

मागं राहिलेल्यांचं काय? उमराव जाताच लॉर्ड डेप्युटी, म्हणजे राजाचे आयर्लंडमधले प्रतिनिधी, आर्थर चिचेस्टर यांनी जाहीरनामा काढला, की राजाशी इमान राखाल तर तुमच्या जमिनीला धक्का लागणार नाही. दोन-तीन वर्षांतच सहा परगण्यांचं वाटप सुरू झालं. इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्यांना मोठाले जमीनजुमले, डेरी हे शहर लंडनच्या व्यापारी कंपन्यांना. जे त्या जहाजावर चढलेच नव्हते, त्यांच्याही जमिनी गेल्या. या नव्या मालकांपैकी बहुतेकांना तर अशी अट होती, की आयरिश माणूस कूळ म्हणूनही ठेवायचा नाही. राबायला हात हवेत म्हणून ती अट ठिकठिकाणी मोडली गेली, आणि जाहीरनाम्यावर विसंबलेली माणसं आपल्याच शेताचा खंड परक्याला भरू लागली.

नमस्कार.