पापणी अर्धी मिटली की

(एका चित्रपट मंडळाच्या मासिक सभेतल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माइक चालू आहे ना? शेवटच्या रांगेपर्यंत पोचतंय? बरं.

पत्रिकेवर माझा विषय छापलाय: ‘ॲनिमेशनपटांतील सुष्ट आणि दुष्ट : कॅमेरा, प्रकाश, ध्वनी’. छापणाऱ्याने ‘सुष्ट’चं ‘पुष्ट’ करून टाकलंय. (हशा) हसू नका, तो अगदीच चुकलेला नाही. गोल, गुबगुबीत पात्र भलं आणि टोकदार पात्र वाईट, हा या धंद्यातला जुना हिशेब आहे. गुबगुबीत चेटकीण असलेल्या उर्सुलाबाईंनी १९८९ मध्ये ‘द लिटल मरमेड’मध्ये तो मोडला, पण एकुणात अजून चालतो.

कॅमेरा, प्रकाश, ध्वनी या तिन्हींवर बोलणार आहे. त्याआधी जरा खडू द्या. हा एक गोल. आत हे टिंब. हा कोण? कोणीच नाही. नुकताच गावाहून आलेला, भोळा माणूस. आता बाकी कशाला हात लावत नाही, फक्त वरून एक आडवी रेघ काढतो, बुबुळाला अर्धं कापणारी. बघा! लगेच वाटायला लागलं की नाही, याने आपल्याकडून पैसे नेलेत आणि परत देणार नाही? मागून कोणीतरी एक नाव घेतलं. मी ते ऐकलं नाही.

गेली तीस वर्षं भेटेल त्याला मी एक गोष्ट ऐकवत आलोय, आज तुम्ही सापडलात. ॲनिमेशनमध्ये सज्जनाला देखणं राहावं लागतं, म्हणून त्याला हलता येत नाही. देखण्या चेहऱ्यावर रेघा कमी असतात. त्यातली नाकाची एक रेघ केसभर सरकली की राजकन्येची मावशी होते. दुष्टाच्या चेहऱ्यावर मात्र गाल ओढा, भुवई वर न्या, हनुवटी लांबवा, तो आणखी तोच होत जातो. त्यामुळे अभिनय सगळा त्याच्या वाट्याला येतो. लहानपणी आपल्याला खलनायक जास्त लक्षात राहतो, त्यात आपल्या संस्कारांचा दोष नाही. तो जास्त चांगला काढलेला असतो.

१९३७ चा ‘स्नो व्हाइट’ घ्या. स्नो व्हाइट नीट हलावी म्हणून एका नर्तिकेकडून आधी सगळं करून घेऊन त्याचं चित्रीकरण केलं आणि ते समोर ठेवून चित्रं काढली. राणीही देखणी, त्यामुळे तिचा चेहरा जवळजवळ मुखवटाच. पण ती काढा पिते, केस पांढरे होतात, हातांच्या काटक्या होतात, आवाज फाटतो, आणि झग्याआडून म्हातारी बाहेर येते. तिथून पुढे त्या बाईला थांबवणं नाही! ती म्हातारी काढली नॉर्मन फर्ग्युसन या ॲनिमेटरने. १९३४ मध्ये माशा मारायच्या चिकट कागदात अडकलेला प्लूटो कुत्रा ज्याने जिवंत केला, तोच हा माणूस. म्हणजे राणीला म्हातारी केल्यावर ती कुत्र्याच्या तज्ज्ञाकडे सोपवली, आणि चित्रपटाचं भलं झालं.

पुढे १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त राजकन्या ऑरोरा आणि तिला शाप देणारी मॅलेफिसंट या दोघींची जबाबदारी एकाच माणसाकडे होती, मार्क डेव्हिस. हात एकच, पेन्सिल एकच. आज लोकांना आठवते कोण? मॅलेफिसंटला एलिनॉर ऑडली यांचा आवाज होता. ‘सिंड्रेला’तली सावत्र आईही त्यांच्याच आवाजात बोलते. गरीब बिचाऱ्या बाईला आयुष्यभर मुलींचा छळच करायला लावला.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. लवकर संपवतो. (हशा) जे मला ओळखतात ते हसताहेत.

नव्वदच्या दशकात मी अंधेरीच्या एका स्टुडिओत इन-बिटवीनर होतो. नाव विचारू नका. इन-बिटवीनर म्हणजे मोठा ॲनिमेटर पहिलं आणि शेवटचं चित्र काढतो, मधल्या सगळ्या चित्रांची ओझी तुम्ही वाहायची. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोनदा शूट केलं तरी बारा चित्रं. एका पौराणिक मालिकेचं काम आलं होतं, एक राजपुत्र आणि एक राक्षस. राजपुत्राने मान वळवून खिडकीबाहेर बघायचं, एवढ्यासाठी मी तीन आठवडे लाइट बॉक्सवर वाकून होतो. रोज संध्याकाळी चित्रं परत. ‘नाक बघ’, ‘ओठ सुजलाय’, ‘हा राजपुत्र नाही, हा त्याचा चुलतभाऊ आहे’.

राक्षस मला मिळाला तो शिक्षा म्हणून. खाली आमचा एक चहावाला होता, उधारीची वही ठेवणारा. महिन्याच्या सुरुवातीला तो वर यायचा, बोटाला थुंकी लावायचा, वहीचं पान अगदी सावकाश उलटायचा आणि डोकं न हलवता एकच पापणी वर उचलून तुमच्याकडे बघायचा. ती पापणी मी राक्षसाला दिली. थुंकी लावलेलं बोट दिलं. राजपुत्राचं पत्र तो तसंच उलटायचा. दोन दिवसांत सीन झाला. पेन्सिल टेस्ट लावली, म्हणजे नुसती पेन्सिलची चित्रं हलवून बघितली, तर सगळा स्टुडिओ हसला. चहावालाही हसला, त्याला कळलं नाही.

मग पार्टी आली, म्हणजे ज्यांचे पैसे होते ते. त्यांनी रंगवलेला सीन बघितला आणि त्यांचाही चेहरा फुलला. आणि लगेच पडला. ‘राक्षस आवडतोय,’ ते म्हणाले. ‘मुलांना आवडेल. मग राजपुत्राचं काय?’ प्रश्न अगदी बरोबर होता! उत्तर होतं, राजपुत्राला काहीतरी करायला द्या. पण चित्रं पुन्हा काढायला पैसे लागतात. म्हणून हुकूम निघाला, ‘राक्षस दोन शेड डार्क करा.’

त्या काळी सेल, म्हणजे चित्र उतरवलेले पारदर्शक कागद, पाठीमागून रंगवायचे, रंगांच्या बाटल्यांना नंबर. आमच्या पेंटिंगमधला एक मुलगा, रंगाने सावळा नाही, चांगला काळा. माझा डब्यातला जोडीदार. त्याने सांगितलेल्या नंबरची बाटली उचलली, हाताची बाही वर केली, बाटली मनगटाशी धरली आणि विचारलं, ‘साहेब, हा तर माझा नंबर आहे. एवढा वाईट पुरेल का?’ कोणी हसलं नाही. पार्टीने खिडकीबाहेर बघितलं, आमच्या राजपुत्रासारखं. मग त्या मुलाने मुकाट्याने सगळे सेल नव्याने रंगवले. मालिका काही कधी लागली नाही. आणि राक्षस, सांगतो तुम्हाला, दोन शेड काळा होऊनही तितकाच आवडत होता. पापणी तीच होती ना.

रंगाला स्वतःचा स्वभाव नसतो हो. मॅलेफिसंटची आग हिरवी. ‘द लायन किंग’मध्ये खलनायक सिंह स्कारचे डोळे हिरवे, त्याच्या गाण्यात गुहेतला धूरही हिरवा. म्हणजे हिरवा विषारी, असं म्हणाल. जरा केरळात जा. कथकलीत हिरवा चेहरा रामाचा, अर्जुनाचा. आणि रावण? तो थोर कुळातला म्हणून त्यालाही बुडाला हिरवाच रंग, पण गालांवर लाल सुरीचा आकार. वाईटपणा केवढा आणि कुठे, हे एका पट्ट्यात सांगून मोकळे. आमच्या पार्टीला हे कोण सांगणार...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ पाच? बरं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू करतो.

कॅमेरा. ‘द लायन किंग’, १९९४. मुफासा, सिंहांचा राजा, पहिल्यांदा दिसतो तो उंच कड्यावर, उन्हात, समोर सगळं रान. स्कार पहिल्यांदा दिसतो तो अंधाऱ्या गुहेत, आणि आधी दिसतो त्याच्या पंज्याखाली सापडलेला उंदीर. उंची दोघांनाही मिळते. पुढे स्कारही कड्यावर उभा राहतो आणि खालून तरस रांगेने पाय आपटत जातात, नाझी संचलनांची आठवण देणारे. राजाला खालून बघितलं तर राजा, हुकूमशहाला खालून बघितलं तर हुकूमशहा. फरक कोनात नाही, खाली कोण उभं आहे आणि उजेड कुठून येतोय यात आहे.

प्रकाश. वरून आला तर देव, खालून आला तर भूत, हे होळीत टॉर्च हनुवटीखाली धरणाऱ्या पोरालाही माहीत असतं. दुष्टाची सावली त्याच्याआधी पोचते. पुढे जातो.

ध्वनी. सज्जन वरच्या पट्टीत, दुर्जन खर्जात. भारत-जपानच्या रामायणपटाच्या हिंदी आवृत्तीत रावणाला अमरीश पुरींचा आवाज होता. चित्र नसतं तरी चाललं असतं. यात वाईट खोडी उच्चारांची. १९९२ च्या ‘अलादीन’मध्ये नायक अमेरिकन वळणाने बोलतो आणि बाजारातले शिपाई, व्यापारी परक्या ढंगात. अरब-अमेरिकन संघटनेने आक्षेप घेतला, दुसऱ्या वर्षी सुरुवातीच्या गाण्यातली एक ओळ बदलली. उच्चार राहिले.

जपानी दिग्दर्शक मियाझाकींवर खरं तर तासभर बोलायचं होतं. ‘स्पिरिटेड अवे’, २००१. युबाबा आणि झेनिबा, जुळ्या बहिणी, तोच चेहरा, तेच नाक, तोच अंबाडा. एक मुलीचं नाव हिसकावून घेते, दुसरी तिला चहा पाजते. मी आत्ता फळ्यावर जे काढलं ते सगळं तिथे पुसलं जातं. ‘प्रिन्सेस मोनोनोके’तली एबोशी जंगल तोडते आणि कुष्ठरोग्यांना आसराही देते. तिची पापणी कुठे ठेवायची?

आणि शेवटची तक्रार. ‘फ्रोझन’, २०१३. राजकन्या ॲनावर प्रेमाचं नाटक करणारा राजपुत्र हान्स. त्याचा डाव शेवटी कळतो, ते ठीक. पण पहिल्या भेटीनंतर ॲना निघून जाते, हा पाण्यात एकटा, बघायला कोणीही नाही, आणि तरी तो प्रेमाने हसतो! कोणासाठी हसला? पात्र एकटं असताना चेहरा खोटं बोलत नाही, हा आपला आणि कॅमेऱ्याचा करार आहे. रेघ काढायची होती, निदान एक, तेवढ्याच वेळेपुरती...

सचिव उभे राहिलेत. त्यांचे डोळे बघा, वरून अर्धे कापलेले. थांबतो.