पोट किती एमएलचं ठेवलं?

आवाज येतोय ना मागपर्यंत? भाऊ, तो कूलर जरा कमी करा न, मे महिन्यात नागपुरात असं म्हणणं म्हणजे पाप आहे मला माहीत आहे, पण त्या आवाजात मला माझंच ऐकू येत नाहीये. हां, झालं.

आणि कूलरचा विषय निघालाच आहे तर हा पाईप पाहा. अर्धा इंची, कूलरमध्ये पाणी भरायला आपल्या सगळ्यांकडे असतो तोच, काल सीताबर्डीतून घेतला, दुकानदार म्हणे फक्त एक फूट काहून घेता मॅडम, मी म्हटलं पोट दाखवायचं आहे लोकांना, तो पाहतच राहिला. तर वजन कमी करायचं जे स्लीव्हचं ऑपरेशन असतं ना, त्यात सर्जन तोंडातून पोटात एक नळी उतरवतात, तिला बूजी म्हणतात, आणि त्या नळीच्या कडेकडेने स्टेपलर चालवत पोटाचा बाहेरचा फुगीर भाग कापून काढतात. साधारण 75 ते 80 टक्के पोट बाहेर. आत राहते ती केळ्यासारखी लांबट नळी. बूजी बहुतेक 36 ते 40 नंबरची असते, तीन नंबरचा एक मिलीमीटर होतो, म्हणजे 38 नंबरची बूजी या पाईपात कशीबशी सरकेल एवढी जाड.

मी सर्जन नाही, आधीच सांगते. मी डाएटिशियन आहे, धंतोलीत बसते, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर लोक माझ्याकडे येतात, आणि नंतर म्हणजे वर्षानुवर्षं येतात. वेटिंगमध्ये बसलेले पेशंट एकमेकांना पहिला प्रश्न काय विचारतात माहीत आहे? "तुमचं किती नंबरवर केलं?" दुसरा, "किती एमएलचं ठेवलं?" जसं काही प्लॉटचे स्क्वेअर फूट विचारून राहिले. आणि ज्याचा आकडा लहान तो खूश, ज्याचा मोठा त्याचं तोंड उतरलेलं, की आपल्याला डॉक्टरनी कमी कापलं, आपण फसलो.

आता हिशोब करून पाहू. या पाईपाची वीस सेंटिमीटर लांबी घेतली तर त्यात साधारण 25 एमएल पाणी मावतं, पाच चमचे. पण स्लीव्ह झालेल्या पोटात 25 एमएल नसतं, 100 ते 150 च्या आसपास असतं, कारण स्टेपलर नळीला चिकटवून चालवत नाहीत, पोटाचा खालचा भाग थोडा मोकळा ठेवतात, आणि मुख्य म्हणजे पोट हे काही पीव्हीसी नाही, ते ताणतं. आपलं रिकामं पोट मुठीएवढं असतं, जेवलं की एक दीड लिटरपर्यंत जातं. म्हणजे 36 नंबर आणि 40 नंबर यात फरक किती, सव्वा मिलीमीटरच्या थोडा वर, दोन-तीन नखांच्या जाडीएवढा, आणि यावर लोकांची झोप उडालेली असते.

मग आकाराने काहीच होत नाही का? होतं, पण लोकांना वाटतं तसं नाही. माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं ते बँडमुळे. पूर्वी पोटाच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा बांधायचे, पट्ट्याच्या वर जो कप्पा राहायचा तो जेमतेम 15-20 एमएलचा. म्हणजे स्लीव्हपेक्षा पाच-सहा पट लहान! मग वजन पाच-सहा पट नाही तरी निदान जास्त उतरायला पाहिजे की नाही? उलटं झालं. बँडवाल्यांचं कमी उतरलं, भूक तशीच राहिली, आणि बऱ्याच जणांचे पट्टे नंतर काढावे लागले. त्याच्याही आधी, 1980 च्या दशकात, अमेरिकेत आयोवाच्या डॉक्टर एडवर्ड मेसन यांनी पोटाचा छोटा कप्पा करून त्याच्या तोंडाला पट्टी घालायचं ऑपरेशन आणलं होतं. हे तेच मेसन ज्यांनी 1966 मध्ये पोटाचा बायपास सुरू केला, म्हणजे पोटाचा छोटा कप्पा करून तो सरळ आतड्याला जोडायचा, अल्सरसाठी पोट कापलेल्या बायांचं वजन वाढत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. तर त्या पट्टीवाल्या ऑपरेशनात पोळी-भाजी अडकायची, उलटी व्हायची, मग लोक हुशार, आईस्क्रीम खायला लागले, मिल्कशेक प्यायला लागले, ते सुळकन खाली जायचं. वजन परत. आज ते ऑपरेशन जवळपास कोणी करत नाही.

म्हणजे कप्पा लहान करणं एवढंच काम असतं तर ही दोन्ही ऑपरेशनं आज पहिल्या नंबरवर असती.

स्लीव्हमध्ये वेगळं काय होतं, तर जो भाग कापून बाहेर जातो त्यात पोटाचा वरचा घुमट असतो, फंडस म्हणतात त्याला. हा सगळ्यात जास्त फुगणारा भाग, आणि घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन मुख्यतः इथेच तयार होतं. हे हार्मोन सापडलं 1999 मध्ये, जपानमध्ये. स्लीव्हची सुरुवात त्याआधीच झाली होती, तीही एका मोठ्या ऑपरेशनचा भाग म्हणून, पुढे फार जास्त वजनाच्या पेशंटला एकदम सगळं झेपणार नाही म्हणून पहिला टप्पा म्हणून आधी एवढंच करायला लागले, आणि पाहतात तर काय, पहिल्याच टप्प्यात वजन भराभर उतरून राहिलं. दुसरी गोष्ट, नळीतून अन्न लवकर आतड्यात पोचतं आणि आतडं जीएलपी-1 सोडतं, मेंदूला सांगतं की बस झालं. आजकाल सगळ्यांच्या तोंडी जी वजनाची इंजेक्शनं आहेत ना, ती याच हार्मोनची नक्कल.

अजून एक आकडा देते. फिनलंडमध्ये 240 पेशंटवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना केली, 2018 मध्ये पाच वर्षांचा निकाल आला. बायपासचा कप्पा असतो 15 ते 30 एमएल, स्लीव्हच्या एक चतुर्थांश धरा. जादा वजनापैकी किती उतरलं, तर स्लीव्हमध्ये 49 टक्के आणि बायपासमध्ये 57. बायपास थोडा पुढे आहेच, पण त्यात आतड्याचा रस्ता बदलण्याचाही वाटा आहे. कप्पा चौपट लहान आणि फरक आठ टक्के, हे लक्षात ठेवा.

"मग मॅडम, आणखी बारीक करून टाका न, नुकसान काय?" हे विचारणारे पण भेटतात. जत्रेतला लांब सापासारखा फुगा कधी तोंडाने फुगवला आहे? गाल दुखतात, डोळ्यात पाणी येतं. गोल फुगा दोन फुंकरीत फुगतो. नळी जितकी अरुंद तितका आत दाब जास्त. तो दाब मग वर जातो, म्हणजे ॲसिड घशात, रात्री झोपेतून उठून बसायचं. किंवा स्टेपलच्या रेषेवर येतो, विशेषतः वरच्या टोकाला अन्ननलिकेजवळ, आणि तिथे गळती झाली तर मग महिना-दोन महिने हॉस्पिटल. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा 40 आणि त्यावरच्या बूजीत गळती कमी दिसली, आणि वजन उतरण्यात तीन वर्षांपर्यंत फरक दिसला नाही. तेव्हा तुमच्या सर्जननी थोडं सैल ठेवलं असेल तर त्यांना शिव्या देऊ नका बाप्पा.

आता आपल्या महाल भागातल्या एका काकाजींची गोष्ट सांगते, त्यांनी परवानगी दिली आहे, नाव नाही सांगत. रिटायर्ड, आयुष्यभर हिशोब लिहिलेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी उपाशीपोटी मोजपात्राने दही मोजून खायचे आणि डायरीत आकडा टाकायचे. तिसऱ्या महिन्यात 120, आठव्यात 180, दीड वर्षाने 300 एमएल. डायरी माझ्यासमोर ठेवली, म्हणाले, "पोट सैल झालं मॅडम, पैसे पाण्यात गेले." वजनही सहा किलो परत आलं होतं, त्यामुळे त्यांचं अगदी पक्कं झालेलं.

मी म्हटलं उद्या दुपारी उपाशी या. घरून मटकीची उसळ नेली, कोरडी, रस्सा नाही. वाटी समोर ठेवली, पाणी बाजूला काढून घेतलं, म्हटलं प्रत्येक घास नीट चावायचा. पहिले तीन-चार घास भराभर गेले. मग हळू झाले. मग चमचा वाटीच्या काठावर टेकवून छातीखाली हात ठेवला, एक ढेकर आला, म्हणाले "बस." वाटीत पाहिलं तर अर्धीसुद्धा संपली नव्हती. काकाजी वाटीकडे पाहात राहिले, मग माझ्याकडे. पोट तेच, आठवडा तोच, एक दिवस 300 आणि एक दिवस सत्तर-ऐंशी. कारण दही खातानाच खालून निघून जात होतं. खालचा नळ उघडा ठेवून बादली किती मोठी ते मोजून राहिले होते ते.

आणि सुरुवातीचे आकडे लहान असतात कारण ऑपरेशननंतर पोटाला सूज असते. ती उतरली की, आणि पुढे वर्ष-दीड वर्षात, थोडं जास्त मावायला लागतं, ते सगळ्यांचं होतं. सीटी स्कॅनवर मोजलं तरी आकार वाढलेला दिसतो, पण ज्यांचा वाढला त्यांचंच वजन वाढलं असा सरळ हिशोब लागत नाही. वजनही दीड-दोन वर्षांपर्यंत तळाला जातं आणि मग थोडं वर सरकतं, तेही ठरलेलं.

काकाजींचे सहा किलो कुठून आले? डायरीच्या मागच्या पानांवर होतं सगळं. चार वेळा चहा, प्रत्येक चहाबरोबर खारी बुडवून, संध्याकाळी चिवडा पाण्याबरोबर, आणि मे महिन्यात रोज आमरस. आता आमरस हा माझा खरा शत्रू आहे, सांगते काहून. 45 डिग्रीत पाणी तर पाहिजेच, दीड-दोन लिटर, आणि स्लीव्हवाल्याला गटागटा पिता येत नाही, एक ग्लास अर्धा तास पुरवावा लागतो. मग घरचे म्हणतात पाण्यापेक्षा सरबत दे, उसाचा रस दे, थोडा आमरस दे, अशक्तपणा आला आहे. या पाईपात आमरस ओता, थांबतो का कुठे? पोट कितीही लहान करा, जे थांबतच नाही त्याला पोट लहान काय न मोठं काय. उलट अंडं, पनीर, उसळ, चिकन थांबतं, पोट भरल्याचं सांगतं. म्हणून मी म्हणते आधी प्रोटीन, दिवसाला 60 ग्रॅम तरी, आणि जेवणाच्या अर्धा तास आधी-नंतर पाणी नाही. बी-12, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी जन्मभर, आणि सारख्या उलट्या झाल्या तर त्याच दिवशी फोन, थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-1 कमी होऊन मेंदूवर परिणाम होतो, ते "बघू उद्या" करायचं काम नाही.

पण दरवेळी पेशंटलाच दोष देणं हेही मला पटत नाही, आमच्या लाईनीत ही सवय आहे. वर्ध्याकडच्या एक ताई आल्या, ऑपरेशन होऊन पाच वर्षं, कुठे केलं ते जाऊ द्या. त्यांच्या खाण्यात मला बोट ठेवायला जागा सापडेना. कोरडी उसळ दिली तर वाटी संपली आणि दोन तासांत पुन्हा भूक. बेरियम पाजून एक्स-रे काढला तर नळीच्या वरच्या टोकाला ही एवढी पिशवी. फंडसचा तुकडा राहिला होता. तिथे प्लीहा जवळ असते, जागा अडचणीची, राहू शकतो. तो तुकडा फुगत गेला. इथे आकाराचाच प्रश्न होता, आणि ताई पाच वर्षं स्वतःला खादाड समजून रडत होत्या. त्यांचं नंतर बायपासमध्ये रूपांतर केलं.

विचारा आता. हो काकू, पुन्हा कापून बारीक करता येतं, पण ॲसिडचा त्रास असेल तर सर्जन बहुधा बायपासकडे जातात, आणि त्याआधी एंडोस्कोपी आणि बेरियम पाहिल्याशिवाय कोणी हो म्हणत असेल तर तुम्ही नाही म्हणा. बायपासवाल्यांचं वेगळं, त्यांच्यात कप्प्यापेक्षा, कप्पा आतड्याला जिथे जोडला त्या जोडाचं तोंड रुंद झालं का ते आधी पाहतात, ते दुर्बिणीतून टाके घालून अरुंद करता येतं.

मागे कोण, हात वर केलेला मुलगा? तर्री पोहे. मला वाटलंच. पहिले दोन महिने नाही. नंतर अर्धी प्लेट मागव, तर्रीतले चणे आधी खा, सगळे, चावून, वरचं तेल बाजूला. मग जागा राहिली तर पोहे. राहणार नाही. आणि सोबतच्या मित्राला आधीच सांगून ठेव, तुझी उरलेली अर्धी प्लेट त्याची.