खिशातली हजार गाणी : पहिल्या आयपॉडची घडण

[दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर पहिला आयपॉड. कॅमेरा संथपणे चाकाजवळ येतो.]

२३ ऑक्टोबर २००१ रोजी कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे, ॲपल कंपनीच्या आवारातल्या एका छोट्या सभागृहात, स्टीव्ह जॉब्ज यांनी जीन्सच्या खिशातून पत्त्यांच्या कॅटाएवढे एक पांढरे यंत्र बाहेर काढले. न्यूयॉर्कवरील हल्ल्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि संगणक व्यवसायावर मंदीचे सावट होते. तोपर्यंत ॲपलची ओळख मॅकिन्टॉश संगणक बनवणारी कंपनी अशीच होती. अशा कंपनीने गाणी ऐकण्याचे यंत्र काढावे आणि त्याची किंमत ३९९ डॉलर ठेवावी, हे अनेकांना पटले नाही. यंत्राचे वजन १८४ ग्रॅम होते, त्याची साठवण ५ गिगाबाइट होती आणि कंपनीचा दावा एका ओळीचा होता : हजार गाणी तुमच्या खिशात.

हा दावा हिशेबाला उतरणारा होता. १६० केबीपीएस (सेकंदाला १६० किलोबिट) दर्जाच्या एमपीथ्री स्वरूपात चार मिनिटांचे गाणे सुमारे ४.८ मेगाबाइट जागा घेते. त्या मापाने ५ गिगाबाइटमध्ये हजाराच्या आसपास गाणी बसतात. मात्र एमपीथ्री हे तंत्र ॲपलचे नव्हते आणि ते ऐकवणारे पहिले यंत्रही ॲपलचे नव्हते.

[दृश्य : सीडी, तिच्या शेजारी १९९८ मधील एमपीथ्री प्लेअर.]

एमपीथ्रीच्या विकासात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा वाटा फार मोठा आहे. मोठ्या आवाजाच्या आड लपलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला जाणवत नाही, हे ओळखून तेवढा भाग गाळायचा आणि उरलेली माहिती आटोपशीरपणे साठवायची, हे या तंत्राचे सूत्र होते. सीडीवर एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० मेगाबाइट लागतात. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्रीत तेच मिनिट एका मेगाबाइटच्या आत येते. १९९८ मध्ये कोरियातील सेहान कंपनीचा एमपीमॅन आणि अमेरिकेतील डायमंड कंपनीचा रिओ ही खिशात मावणारी यंत्रे बाजारात आली. रिओमध्ये ३२ मेगाबाइट मेमरी होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. तरीही अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने डायमंडला न्यायालयात खेचले. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे येणाऱ्या अशा सर्वच यंत्रांचा मार्ग मोकळा झाला. आयपॉडच्या इतिहासात या निकालाचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा.

दुसऱ्या जातीची यंत्रे हार्ड डिस्कवर चालणारी होती. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचा २००० सालचा नोमॅड ज्यूकबॉक्स ६ गिगाबाइटचा होता, म्हणजे साठवणीत पहिल्या आयपॉडपेक्षाही मोठा. पण त्याचा आकार सीडी प्लेअरएवढा होता आणि त्यात गाणी भरण्यासाठी त्या काळच्या मंद यूएसबीचाच आधार होता. ग्राहकापुढे त्यामुळे दोनच पर्याय उरत : खिशात मावणारे पण मोजकी गाणी घेणारे यंत्र, किंवा पुष्कळ गाणी घेणारे पण भरता भरता दिवस मावळवणारे यंत्र.

[दृश्य : उघडलेली १.८ इंची हार्ड डिस्क, शेजारी मोजपट्टी.]

ही कोंडी फोडणारी वस्तू जपानमध्ये तयार झाली. २००१ च्या फेब्रुवारीत ॲपलचे हार्डवेअर प्रमुख जॉन रुबिनस्टाइन हे तोशिबा कंपनीत नेहमीच्या बैठकीसाठी गेले असता त्यांना १.८ इंच व्यासाची, ५ गिगाबाइट क्षमतेची एक नवी डिस्क दाखवण्यात आली. तिचा उपयोग नेमका कशात करायचा, हे खुद्द तोशिबाच्या अभियंत्यांनाही ठरवता आले नव्हते. रुबिनस्टाइन यांच्या मात्र तत्काळ लक्षात आले की ॲपलला हवी ती वस्तू हीच आहे. जॉब्ज त्या वेळी जपानमध्येच होते; एक कोटी डॉलरची तजवीज झाली तर काम होईल, असे रुबिनस्टाइन यांनी त्यांना सांगितले आणि या डिस्कवर ॲपलने एकट्याचा हक्क मिळवला. प्रतिस्पर्ध्यांना तशी डिस्क लवकर हाती लागू नये, ही दूरदृष्टी त्यात होती.

यंत्राची जुळणी टोनी फॅडेल या तरुण अभियंत्याकडे सोपवण्यात आली. नाताळच्या खरेदीपूर्वी माल दुकानांत पोहोचायला हवा होता आणि हातात वर्षही नव्हते, त्यामुळे सारे काही पायापासून घडवण्याचा हट्ट धरणे परवडणारे नव्हते. मुख्य चिप पोर्टलप्लेअर या कंपनीची घेतली, अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप स्कॉटलंडमधील वुल्फसनची, आणि पडद्यावरील मेन्यूसाठी पिक्सो या कंपनीचे सॉफ्टवेअर. बाहेरचे रूप जोनाथन आइव्ह यांच्या चमूने दिले : समोर पांढरे प्लास्टिक, मागे आरशासारखे चकचकीत पोलाद, आणि त्याच पांढऱ्या रंगाचे इअरफोन. त्या काळी बहुतेक इअरफोन काळे असत. गर्दीत आयपॉड खिशात राही, पण पांढरी वायर दिसे, आणि कंपनीला फुकटची जाहिरात मिळे.

[दृश्य : आयपॉडच्या आतील भागांची मांडणी. डिस्क फिरते, थांबते.]

आता थोडे यंत्राच्या आत पाहू. फिरणारी डिस्क खिशात घालून चालणे यात दोन अडचणी आहेत. धक्का बसला की वाचन चुकण्याची भीती असते, आणि डिस्क सतत फिरत राहिली तर बॅटरी लवकर संपते. आयपॉडमध्ये या दोन्ही अडचणींवर एकच उपाय योजला होता. यंत्रात ३२ मेगाबाइट मेमरी होती. गाणे सुरू होताच डिस्क फिरू लागे, चालू गाण्याबरोबर पुढची गाणीही उचलून मेमरीत ठेवी आणि थांबे. त्यानंतरची सुमारे २० मिनिटे संगीत मेमरीतूनच वाजत राही. साठा संपत आला की डिस्क पुन्हा क्षणभर जागी होई. शांत खोलीत यंत्र कानाशी धरले तर तिची बारीक घरघर आणि त्यानंतरची शांतता स्पष्ट कळे. एका चार्जमध्ये १० तास गाणी ऐकता येतील, असे कंपनी सांगे, त्यामागे ही अधूनमधून झोपणारी डिस्क होती. वारंवार गाणी बदलत राहणाऱ्या श्रोत्याची बॅटरी मात्र लवकर संपे, कारण प्रत्येक उडीला डिस्कला उठावे लागे.

गाणी भरण्याचा वेळ फायरवायर या जोडणीने कमी केला. तेव्हाच्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता, तर फायरवायरचा ४०० मेगाबिट. पूर्ण सीडी १० सेकंदांत आणि हजार गाणी १० मिनिटांत यंत्रात जातात, असा ॲपलचा दावा होता. त्याच वायरीतून बॅटरीही चार्ज होई. दोन कामांना एक वायर ही गोष्ट आज सवयीची वाटते, पण तेव्हाच्या ग्राहकाला तिचे अप्रूप होते.

[दृश्य : अंगठा चाकावर फिरतो, पडद्यावर गाण्यांची यादी सरकते.]

हजार गाणी आत गेली, की त्यांतले हवे ते शोधायचे कसे, हा प्रश्न उरतोच. बटण दाबत एकेक ओळ खाली उतरायचे म्हटले तर शेकडो वेळा बोट आपटावे लागेल. यावर चाकाची कल्पना सुचवली ती विपणन विभागाच्या फिल शिलर यांनी. पहिल्या आयपॉडचे चाक खरोखर फिरत असे. अंगठा सावकाश फिरवला तर यादी एकेका ओळीने सरकते आणि भरभर फिरवला तर ती वेग घेते, त्यामुळे अ पासून ज्ञ पर्यंतचा प्रवास दोन-चार फेऱ्यांत उरकतो. ओळ बदलताना यंत्रातून टिकटिक असा बारीक आवाज येई आणि पडद्याकडे न पाहताही आपण किती पुढे गेलो याचा अंदाज बांधता येई. चाकाभोवती चार बटणे, मधोमध निवडीचे एक; चालू-बंद करण्याचे स्वतंत्र बटण नव्हतेच.

पुढे २००२ मध्ये चाक फिरायचे थांबले आणि केवळ स्पर्श ओळखू लागले. २००३ मध्ये चारही बटणे चाकापासून उचलून पडद्याखाली एका रांगेत मांडण्यात आली. दिसायला ती देखणी होती, पण अंधारात किंवा खिशात चाचपडून वापरायला या साऱ्या मालिकेतील तीच सर्वांत गैरसोयीची, असे आमचे मत आहे. २००४ मध्ये आलेल्या क्लिक व्हीलमध्ये बटणे चाकाच्याच पृष्ठभागाखाली गेली आणि हा प्रश्न कायमचा सुटला. कलाकार, मग अल्बम, मग गाणे अशा पायऱ्यांनी उतरणाऱ्या मेन्यूवर मात्र क्रिएटिव्ह कंपनीने आपल्या पेटंटचा हक्क सांगितला, आणि २००६ मध्ये ॲपलने १० कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला.

[दृश्य : मॅकच्या पडद्यावर आयट्यून्स. वायर जोडली जाते.]

डिस्क, फायरवायर, चाक या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या खऱ्या, पण त्यांतील कोणतीही गोष्ट उसनी आणता आली असती. ज्या निर्णयामुळे आयपॉड वेगळा ठरला, तो यंत्रात काय घालायचे नाही याविषयीचा होता. तेव्हाचे इतर प्लेअर गाणी पुसणे, यादी बनवणे, नावे बदलणे अशी सारी कामे त्या इवल्याशा पडद्यावर करू देत, आणि त्यापायी त्यांचे मेन्यू गुंतागुंतीचे होत. ॲपलने ही कामे संगणकावरील आयट्यून्सकडे सोपवली. हे सॉफ्टवेअर जानेवारी २००१ मध्येच आले होते. सीडीवरून गाणी घेणे, त्यांची वर्गवारी लावणे, प्लेलिस्ट तयार करणे हे सारे मोठ्या पडद्यावर, कीबोर्ड आणि माउस हाताशी असताना करायचे. आयपॉड जोडला की बदललेले तेवढे आपोआप त्यात उतरायचे. यंत्राकडे केवळ शोधणे आणि ऐकवणे उरले.

या सोयीला दुसरी बाजूही होती. गाणी संगणकाकडून आयपॉडकडे जात, परतीचा रस्ता ठेवला नव्हता. डिस्कवरच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ती साठवलेली असत. संगणक बिघडला आणि गाण्यांची दुसरी प्रत नसली, तर खिशात सारा संग्रह असूनही तो सरळ मार्गाने परत घेता येत नसे. यंत्राच्या वेष्टनावर “संगीत चोरू नका” अशी सूचनाही छापलेली होती. इतर फायली नेण्यासाठी मात्र आयपॉड साध्या बाह्य डिस्कसारखा वापरता येई, आणि ही त्याची फारशी न गाजलेली पण अत्यंत उपयोगी सोय होती. २००२ मध्ये त्यात पत्ते आणि फोन क्रमांक ठेवता येऊ लागले. पहिल्याच आवृत्तीत विटा फोडण्याचा एक खेळही दडवलेला होता; यंत्राच्या माहितीच्या पानावर मधले बटण दाबून धरले की तो उघडे.

पहिला आयपॉड केवळ मॅकवर चाले, आणि मॅक वापरणारे जगात थोडे होते. जुलै २००२ मध्ये विंडोजसाठी आवृत्ती निघाली. २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू झाले, तेथे २ लाख गाणी प्रत्येकी ९९ सेंटला मिळू लागली, आणि त्याच ऑक्टोबरात आयट्यून्स विंडोजवर आले. विक्रीने उसळी घेतली ती त्यानंतर. २००४ चा मिनी, २००५ चे शफल आणि नॅनो अशी भावंडे आली आणि २००८ च्या आर्थिक वर्षात ॲपलने सुमारे साडेपाच कोटी आयपॉड विकले.

[दृश्य : नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गायनाच्या सीडींचा ढीग.]

भारतात हे स्टोअर डिसेंबर २०१२ मध्ये आले, म्हणजे आयपॉडची भरभराट ओसरल्यावर. तोवर इथल्या श्रोत्यांचे आयपॉड भरत ते घरच्या सीडींवरून आणि एकेका तबकडीत शंभराहून अधिक गाणी असलेल्या एमपीथ्री सीडींवरून. कलाकार आणि अल्बम ही वर्गवारी पाश्चात्त्य संगीताला साजेशी होती. भावगीताचा कवी, संगीतकार आणि गायक वेगवेगळे असतात, तेव्हा कलाकार म्हणून नाव कोणाचे लिहायचे, हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवले. शास्त्रीय गायनाच्या रसिकांची तक्रार निराळी होती. आलाप आणि बंदिश सीडीवर दोन वेगळ्या ट्रॅकमध्ये असल्या, तर त्या दोहोंमध्ये बारीक खंड पडे आणि समेवर येतानाच रसभंग होई. सलग वादनाची सोय २००६ मध्ये मिळाली.

सर्वाधिक रोष ओढवला तो बॅटरीने. ती ग्राहकाला सहज बदलता येईल अशी नव्हती. मागचे पोलादी झाकण स्क्रूविना बसवलेले होते. बॅटरी लवकर दम तोडते, या तक्रारीवरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला आणि २००५ मध्ये ॲपलने तडजोड केली.

२००७ मध्ये आयफोन आला आणि आयपॉडचे काम फोनच्या एका कोपऱ्यात जाऊन बसले. चाकाचा शेवटचा मोठा वारस, १६० गिगाबाइटचा आयपॉड क्लासिक, सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाला. त्याचे सुटे भाग जगात कुठेच मिळेनासे झाले आहेत, असे कारण ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी दिले. नॅनो आणि शफल २०१७ मध्ये गेले, आणि १० मे २०२२ रोजी आयपॉड टच बंद करत असल्याचे ॲपलने जाहीर केले.

[दृश्य : पातळ पात्याने आयपॉडचे झाकण उघडले जाते.]

जुने आयपॉड मात्र अजून विकत घेतले जातात. हौशी मंडळी पातळ पात्याने मागचे झाकण उघडतात, थकलेली बॅटरी बदलतात आणि फिरणाऱ्या डिस्कच्या जागी अडॅप्टर लावून मेमरी कार्ड बसवतात. तसे केल्यावर यंत्र हलके होते आणि एका चार्जवर पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ चालते. डिस्कची घरघर तेवढी ऐकू येत नाही.