वल्ह्याच्या नावेतून काशी: अस्सी ते आदिकेशव

(दृश्य: पहाटेचा अस्सी घाट. पायऱ्यांशी बांधलेल्या नावा. अजून उजाडलेलं नाही.)

‘काशीस जावे, नित्य वदावे’ असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणत. पुष्कळांचं ते जन्मभर म्हणण्यातच राहून जाई. आज पुण्यामुंबईहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी काशीत असतो. गंगेत बुडी, विश्वनाथाचं दर्शन, संध्याकाळची आरती, की परतीची गाडी. त्या धावपळीत घाट पायांखालून निघून जातात. पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला घाट कसा दिसणार? त्याला दिसते नदी आणि समोरची वाळू. घाट पाहायचा तर पाण्यात जावं लागतं.

म्हणून आपण सूर्योदयाआधी अस्सीवर आलो आहोत. रविदास घाटावरून मोठ्या क्रूझ सुटतात, दशाश्वमेधावर दुमजली बजडे, म्हणजे मोठ्या नावा, मिळतात, आणि बहुतेक साध्या नावांनाही आता इंजिन आहे. अलीकडच्या वर्षांत त्यांतल्या पुष्कळ डिझेल सोडून सीएनजीवर आल्या, त्यामुळे धूर कमी झाला. तरीही आपण वल्ह्याची नाव घेणार आहोत. ती काठाला लागून जाते, हवी तिथं थांबते, आणि तिच्यात बसून काठावरचं सगळं ऐकू येतं: कपडे आपटल्याचे आवाज, घंटा, कुणाचं तरी मोठ्यानं चाललेलं स्तोत्र. वल्ही मारणारे मल्लाह पिढ्यान् पिढ्या याच पाण्यावर जगत आले. घाटांची नावं त्यांना तोंडपाठ असतात. दक्षिणेकडून निघालं की प्रवाहही त्यांना साथ देतो.

(दृश्य: नाव काठ सोडते. समोर रेताड पूर्वकिनारा, क्षितिजावर तांबूस रेघ.)

आता थोडं नदीकडे पाहू. गंगा इथं उत्तरेकडे वळते, चंद्रकोरीसारखी. शास्त्रांनी उत्तरवाहिनी गंगेचं माहात्म्य सांगितलं, आणि भूगोलही या वळणाच्या बाजूनं उभा आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, कंकराचा, म्हणजे चुनखडीच्या खड्यांचा, कठीण आणि उंच काठ आहे. तिथं नदी खोल वाहते आणि काठ सहजी सोडत नाही. आतल्या अंगाला ती वाळू टाकत जाते, पावसाळ्यात ती सगळी बाजू पाण्याखाली असते. म्हणून सगळं शहर एकाच काठावर वसलं आणि समोरचा काठ मोकळा राहिला. सूर्य त्या मोकळ्या काठावरून उगवतो, मधे काही आडवं येत नाही, आणि अस्सीपासून पार राजघाटापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या एकदमच उजळतात. सहा-सात किलोमीटरचा काठ, चौऱ्याऐंशीच्या आसपास घाट. घाई करण्यासारखं यात काही नाही.

पहिल्यांदा येतो तुळशी घाट. गोस्वामी तुलसीदास इथं राहत, 1623 साली त्यांनी इथंच देह ठेवला. त्याला लागून भदैनी. ही वस्ती मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पा काशीत येऊन राहिले होते, त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची मुलगी इथं जन्मली. नाव ठेवलं मणिकर्णिका, काशीतल्या तीर्थाचंच. पुढे ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. वर गल्लीत तिचं स्मारक आहे. नावेतून ते दिसत नाही, पण परत आल्यावर जरूर जा.

(दृश्य: चेतसिंह किल्ल्याची पाण्यावर चढलेली भिंत, वरच्या खिडक्या.)

या भिंतीसमोर नावाड्याला वल्ही थांबवायला सांगा. ऑगस्ट 1781. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज पैशांच्या मागणीसाठी स्वतः काशीत आला आणि त्यानं काशीच्या राजा चेतसिंहाला त्याच्याच वाड्यात पहाऱ्यात ठेवलं. राजाची माणसं चवताळली, कंपनीचे शिपाई कापले गेले. त्या गोंधळात चेतसिंह पागोटी एकमेकांना बांधून केलेल्या दोरावरून नदीकडच्या खिडकीतून खाली उतरला आणि नावेतून पसार झाला. हेस्टिंग्जलाही शहर सोडून चुनारच्या किल्ल्याकडे पळावं लागलं. चेतसिंहाला राज्य परत मिळालं नाही. महादजी शिंद्यांनी त्याला आसरा दिला, आणि 1810 साली तो ग्वाल्हेरला वारला. ही गोष्ट रस्त्यावरून सांगता येत नाही, कारण खिडकी आणि पाणी यांतलं अंतर फक्त इथून दिसतं.

हरिश्चंद्र घाट येतो. इथं चिता जळतात. पुढे केदार घाट, तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांचा. तिथल्या स्नानाच्या गर्दीत तमिळ, तेलुगू बोलणं कानावर पडेल. दक्षिणेतले यात्रेकरू पिढ्यान् पिढ्या याच बाजूला उतरत आले आहेत.

आणि आता काठ मराठी होऊ लागतो. राजा घाट अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला आहे. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र. पुण्याच्या गादीच्या वादातून बाजूला झाले, इंग्रजांचा तनखा घेऊन उत्तरेत आले, आणि इथं अन्नछत्र, देवळं, पायऱ्या यांत त्यांनी पैसा ओतला. थोडं पुढे दरभंगा आणि मुन्शी घाटांवरचा तो भव्य दगडी वाडा दिसतो, गोल बुरुजांचा. आज तिथं हॉटेल आहे. हा वाडा उभारणारे श्रीधर नारायण मुन्शी नागपूर संस्थानचे मंत्री होते. दगड चुनारचा. चुनार नदीच्या वरच्या अंगाला आहे, तिथून दगड नावांत भरून प्रवाहाबरोबर खाली आणायचा आणि काठावर उतरवायचा. काशीचे घाट असे नदीनंच वाहून आणलेल्या दगडाचे आहेत.

(दृश्य: अहिल्याबाई घाट. पुढे दशाश्वमेधाच्या बांबूच्या छत्र्या, घाटिये म्हणजे घाटावरचे पुरोहित, स्नानाची गर्दी.)

अहिल्याबाई घाट, आणि त्याला खेटून दशाश्वमेध. दशाश्वमेधाचा पक्का घाट पेशवाईतला, अठराव्या शतकातला. संध्याकाळची आरती इथं होते आणि ती देखणी असते यात वाद नाही. पण एकच वेळ निवडायची असेल तर मी पहाटच सांगेन. संध्याकाळी नावांना नाव भिडलेली असते आणि सगळे एकाच दिशेला पाहत असतात. पहाटे घाट कुणासाठी काही करत नसतो. तो आपल्या रोजच्या कामात असतो.

अहिल्याबाईंबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. 1669 साली औरंगजेबाच्या हुकमानं विश्वेश्वराचं देऊळ पाडलं गेलं. त्याआधीचं ते देऊळ उभारण्यात पुढाकार होता नारायण भट्टांचा. त्यांचं घराणं पैठणहून काशीला आलेलं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी 1674 साली रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. पाडल्यानंतर शंभराहून अधिक वर्षं विश्वनाथाला नीट देऊळ नव्हतं. 1780 साली अहिल्याबाईंनी आज आहे ते देऊळ बांधलं. स्वतः महेश्वरला नर्मदेकाठी राहून! शिखरांवरचं सोनं नंतरचं, महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं. नावेतून ललिता घाटाजवळ पोहोचलो की रुंद नव्या पायऱ्या आणि दरवाजा दिसतो. डिसेंबर 2021 मध्ये खुला झालेला हा मार्ग थेट देवळापर्यंत जातो. त्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे.

मधे मानमंदिर घाट येऊन गेला. वरचे नक्षीदार झरोके आमेरच्या मानसिंगाच्या वाड्याचे, सुमारे 1600 सालचे. गच्चीवर सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे. आणि ललिता घाटाच्या वर झाडीत दडलेलं लाकडी नेपाळी देऊळ आहे, तेही बघा.

(दृश्य: मणिकर्णिका. दुरून, चिता न दाखवता. लाकडांच्या राशी, लाकूड भरलेल्या नावा, धूर.)

मणिकर्णिकेवर अग्नी विझत नाही. कॅमेरा इथं खाली ठेवायचा. कुणाचं तरी माणूस जात असतं, आणि नावेतून फोटो काढणारे हात काठावरच्या लोकांना दिसतात. आम्हीही इथं फक्त लाकडांच्या वखारी टिपल्या आहेत.

लगेच पुढे पाण्यात एका बाजूला कललेलं देऊळ दिसतं. रत्नेश्वर महादेव. वर्षातले कित्येक महिने ते पाण्यात असतं, गाभारा गाळानं भरतो. त्याच्या शेजारी शिंदे घाट. 1827 साली दौलतराव शिंदे वारले आणि त्यांच्या पत्नी, कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई, ग्वाल्हेरचा कारभार पाहू लागल्या. 1828 साली त्यांनी विश्वनाथाच्या देवळालगतच्या ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप बांधला आणि 1830 साली हा घाट काढला. घाट इतका अवजड झाला की काठ खचला आणि बांधकाम खाली बसलं. पुढे शंभरेक वर्षांनी, 1937 साली, शिंद्यांच्याच घराण्यानं तो पुन्हा बांधला. बायजाबाईंचं नाव आपल्याकडे अहिल्याबाईंइतकं घेतलं जात नाही, याची मला खंत वाटते. इंग्रजांच्या डोळ्यांदेखत एक विधवा बाई दौलत सांभाळते आणि शेकडो कोसांवर नदीच्या काठाशी झुंजते, ही लहान गोष्ट नव्हे.

भोसले घाट नागपूरकरांचा. गणेश घाट पुन्हा अमृतरावांचा. जटार घाट ग्वाल्हेर दरबारच्या जटारांचा. एवढी घराणी, आपसांत भांडलेली, लढलेली. इथं मात्र भिंतीला भिंत लावून आहेत.

(दृश्य: पंचगंगा घाटाचे उंच जिने, वर आलमगीर मशीद.)

पंचगंगेवर बिंदुमाधवाचं मोठं देऊळ होतं. औरंगजेबाच्या काळात ते पाडून त्या जागी मशीद झाली, नदीवरून दिसते ती हीच. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ जवळच, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. कार्तिकात इथं उंच बांबूंवर आकाशदिवे टांगतात, आणि कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळी असते. त्या रात्री प्रत्येक घाट दिव्यांनी भरतो आणि नावांचे भाव गगनाला भिडतात, महिनोन् महिने आधी ठरवावं लागतं. याच शहरात, याच पौर्णिमेला, 1573 साली पैठणच्या एकनाथांनी भागवतावरची आपली मराठी टीका पूर्ण केली. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी ते स्वतः नोंदवलं आहे.

वर दुर्गाघाट आणि ब्रह्मघाट. पेशव्यांचा ज्यांच्यावर भरवसा होता त्या नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात ही बाजू वसवली. आजही इथल्या गल्ल्यांत मराठी घरं आहेत, आणि भाद्रपदात गणपती बसतो.

आता थोडं कामाचं. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. हिवाळ्यात दूरदेशीचे कुरव पक्षी नावेभोवती घिरट्या घालतात. लोक त्यांना शेव टाकतात, तुम्ही टाकू नका, तळलेलं ते त्यांचं खाणं नव्हे. पावसाळ्यात धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून 71.262 मीटर आहे. 1978 साली पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. पूर आला की घाटांचा एकमेकांशी संबंध तुटतो आणि नावा बंद होतात, तेव्हा नावाड्याला गळ घालू नका.

(दृश्य: 1887 साली खुला झालेला दुमजली मालवीय पूल. खाली रेल्वे, वर रस्ता. नाव पुलाखालून जाते.)

बहुतेक नावा पंचगंगेवरून मागे वळतात. आपण पुलाखालून पुढे जाऊ, वरुणा नदी गंगेला मिळते तिथवर. तिथं आदिकेशवाचं देऊळ आहे, काशीतल्या पंचतीर्थांतलं उत्तरेचं टोक. शिंद्यांच्या दिवाणानं ते नव्यानं बांधवलं. गर्दी नसते, पुजाऱ्यांना बोलायला वेळ असतो. मात्र इथवर यायचं आहे हे अस्सीवर नावेत पाय ठेवण्याआधीच सांगा आणि पैसे तिथंच ठरवा, कारण परतीचा सगळा रस्ता प्रवाहाच्या विरुद्ध आहे आणि तो नावाड्याच्या दंडांवर पडतो.