सातपुड्याच्या दऱ्या पडद्यावर नीट दिसाव्यात म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींशी मला आज बोलायचं आहे. संगणकाच्या अजून घडत असलेल्या आवृत्त्यांत मराठी नीट दिसते का, हे तुम्ही तपासावं, असं मला सांगायचं आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण तो आपल्या मराठी अक्षरांपर्यंत येऊन पोचतो, म्हणून घरातल्या मोठ्यांनीही ऐकावं.

संगणकावर खिडकी उघडते, बटण दाबलं जातं, यादी खाली सरकते. हे सगळं प्रत्येक प्रोग्रॅमर नव्याने लिहीत बसत नाही. त्यासाठी तयार कोडचा साठा असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवर अशा दोन मोठ्या लायब्रऱ्या आहेत, क्यूटी आणि जीटीके. मी आज जीटीकेबद्दल बोलणार आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी जिम्प नावाचा चित्रांचा प्रोग्रॅम लिहीत होते. त्याच्यासाठी म्हणून जीटीके जन्माला आली. पुढे 1997 मध्ये नोम हा डेस्कटॉप, म्हणजे संगणक सुरू केल्यावर दिसणारा खिडक्या-मेन्यूंचा पडदा, तिच्यावर उभा राहू लागला. तिचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी परवानगी परवान्यातच दिलेली आहे.

या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या दोन प्रकारच्या असतात. एक पक्की, रोजच्या वापराची. दुसरी विकासातली, म्हणजे अजून घडत असलेली. जीटीकेत आकड्यावरूनच ओळखता येतं: 4.15 विषम, म्हणून ती घडती, 4.16 सम, म्हणून ती पक्की. घडत्या आवृत्तीत आज दिसलेलं फंक्शन उद्या नाव बदलेल किंवा काढून टाकलंही जाईल. पक्की आवृत्ती आली की मात्र शब्द दिल्यासारखं असतं. त्यावर लिहिलेला प्रोग्रॅम पुढच्या सम आवृत्तीतही चालला पाहिजे.

आता मराठीकडे येतो. 1999 च्या जीटीके 1.2 मध्ये देवनागरी धड लिहिता येत नव्हती. जोडाक्षरं जुळवणं तिला येतच नव्हतं. त्यानंतरच्या 1.3 या घडत्या मालिकेत पँगो नावाची मजकूर मांडणारी लायब्ररी जोडली गेली, आणि मार्च 2002 मध्ये 2.0 पक्की झाली तेव्हा जगातल्या अनेक लिप्यांना दार उघडलं. आज अक्षरांचे आकार जुळवण्याचं काम पँगो हार्फबझकडे सोपवते. हीच हार्फबझ लायब्ररी अँड्रॉइडमध्ये, फायरफॉक्समध्ये आणि लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्येही आहे.

तपासायचं काय, ते एका शब्दावर सांगतो. जीटीकेवर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक लावा आणि 'सातपुड्याच्या दऱ्या' असं टाइप करा. यातला आडवा र येण्यासाठी शिफ्ट धरून जे दाबायचं, मग हलन्त, मग य, मग काना. पडद्यावर र आडवा, यच्या डाव्या अंगाला चिकटलेला दिसला पाहिजे. तो यच्या डोक्यावर रफार होऊन बसला, तर आपल्या दऱ्यांचा समुद्र झाला! हिंदीपुरती तपासणी करणाऱ्याला ही चूक दिसणारच नाही, कारण हिंदीत असा र लागत नाही. हे पाहायला मराठी डोळेच हवेत.

आता बॅकस्पेस एकदा दाबा. फक्त काना जायला हवा. सगळं 'ऱ्या' एकदम पुसलं गेलं, तर टाइप करणाऱ्याचे हाल होतात. बाणाच्या कळीने मागे या, कर्सर अक्षराच्या पोटात अडकतो का बघा. खिडकी अरुंद करा आणि ओळ भलत्या ठिकाणी तुटते का पाहा. ॲ लिहून पाहा, मराठी वळणाचे ल आणि श येतात का पाहा. अहिराणी लिहिणाऱ्यांनी आपली दोन-चार वाक्यं जरूर घालावीत.

चूक सापडली, की तेच वाक्य त्याच फाँटमध्ये लिबरऑफिसमध्ये लिहा. तिथेही तसंच फुटलं तर दोष बहुधा फाँटचा किंवा हार्फबझचा. तिथे नीट दिसलं तर पँगोवर किंवा जीटीकेवर संशय घ्यायला जागा आहे. एवढं शोधून दिलं तरी दुरुस्त करणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.

आणि हे घडत्या आवृत्तीतच करायला हवं, याबद्दल माझं मत ठाम आहे. त्या काळात कोड उघडा पडलेला असतो, बदल करायला कुणी कचरत नाही. पक्की आवृत्ती निघाली, की मोठा बदल पुढच्या खेपेवर जातो, आणि मग तीच चूक शाळेशाळेतल्या संगणकांवर जाऊन बसते. कधीकधी हा काळ लांबतोही. जिम्पची 2.99 ही घडती मालिका नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झाली आणि 3.0 आली मार्च 2025 मध्ये. सांगायला केवढा वेळ होता!

एक काळजी घ्या. नवं वाण आपण आधी बांधाकडेच्या दोन सरींत लावून बघतो, सगळ्या रानात लावत नाही. तसंच इथे. कॉलेजच्या लॅबमधल्या किंवा घरच्या कामाच्या मशीनवर घडती आवृत्ती टाकू नका. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक, तयार करा, त्यात नोम ओएस ही नोमची चाचणीची प्रणाली चालवा. बिघडलं तर ती मशीन पुसून टाका, तुमचं काम सुरक्षित राहील.

चूक कळवायची नोमच्या गिटलॅबवर, म्हणजे जिथे नोमचा कोड आणि चुकांच्या नोंदी ठेवतात त्या संकेतस्थळावर. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. आवृत्तीचा पूर्ण आकडा, फाँटचं नाव, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं लिहा. दोन चित्रं जोडा, एक चुकलेलं आणि एक बरोबर. समोरच्या माणसाने देवनागरी कधी वाचलेली नसेल, म्हणून बरोबर चित्र द्यायला विसरू नका.

नोमची पक्की आवृत्ती मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते. त्याआधी चाचणीसाठी अल्फा, मग बीटा अशा घडत्या आवृत्त्या निघतात. मार्चच्या आवृत्तीसाठी जानेवारी-फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आवृत्तीसाठी जुलै-ऑगस्ट हे महिने वहीत लिहून ठेवा. एकट्याने जमत नसेल तर वर्गातल्या दोघातिघांनी मिळून बसा. एकाने टाइप करावं, दुसऱ्याने बघावं, तिसऱ्याने लिहून घ्यावं.

नमस्कार.