पिंकीला तोंड न लावणारं पिल्लू

आधी एक खुलासा. आपली धामण, दिवड किंवा अजगर घरात ठेवता येत नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. आज बोलायचंय ते कॉर्न स्नेकबद्दल. हा बिनविषारी साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला आणि तिकडे सर्रास पाळला जातो. तिथल्या आपल्या मंडळींची तक्रार ठरलेली असते: नवीन पिल्लू उंदराकडे ढुंकून बघत नाही.

ते का बघत नाही, हे आधी समजून घ्या. रानात या पिल्लाचा घास म्हणजे छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक. अजगरांपैकी अनेकांच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, याला त्या नाहीत. हा जिभेने वास गोळा करतो आणि टाळूतल्या इंद्रियाने तो ओळखतो. उंदराचा वास त्याच्या लेखी खाण्याचा नसेल, तर पिंकी कितीही गरम करा, तो तोंड फिरवणारच. पिंकी म्हणजे उंदराचं केस न आलेलं, दोनेक ग्रॅमचं पिल्लू.

आणखी एक चूक म्हणजे घाई. पिल्लू अंड्यातून आल्यावर साधारण ७ ते १० दिवसांत पहिली कात टाकतं. त्याआधी पोटात बलकाची शिदोरी असते, म्हणून पहिली पिंकी कातीनंतरच द्या. डब्याची गरम बाजू २८ ते ३० अंश, थंड बाजू २२ ते २४. थर्मोस्टॅट हवाच, आणि दोन्ही बाजूंना लपायला जागा. मोठ्या काचेच्या पेटीत पिल्लू भेदरतं, त्याला बुटाच्या खोक्याएवढा डबा पुरे.

आता युक्त्या. एका वेळी एकच करा आणि दोन प्रयत्नांत पाच दिवस जाऊ द्या. रोज काहीतरी नाकासमोर नाचवलं की पिल्लू त्या पिंकीलाच घाबरायला लागतं.

सुरुवात साधी. पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, मग पिशवीत घालून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह नको, ती आतून शिजते आणि फुटते. भोकं पाडलेल्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत ओला टिश्यू, पिंकी आणि पिल्लू घाला, झाकण लावा, दिवा मालवा आणि सकाळपर्यंत डोकावू नका. डबी थेट हीटरवर मात्र ठेवू नका. बरीचशी हट्टी पिल्लं इथेच खातात.

नाही खाल्लं, तर पुढच्या खेपेला पिंकी बिनवासाच्या साबणाने धुवा, खळखळून विसळा, कोरडी करा. उंदराचा वास उतरतो. त्यानेही जमलं नाही तर टाचणीने तिच्या डोक्याला भोक पाडून आतला द्रव नाकाडावर येऊ द्या. किळसवाणं आहे खरं, पण लागू पडतं. तिसरी युक्ती सर्वांत हमखास: ॲनोल जातीचा गोठवलेला सरडा वितळवून धुतलेल्या पिंकीवर चोळणे. बागेतला ताजा सरडा वापरू नका, त्यातून परजीवी येतात. पिल्लू खायला लागलं की पुढच्या तीन-चार जेवणांत वास फक्त पिंकीच्या डोक्यावर ठेवा, मग बंद करा.

चिडवून खाऊ घालणं हाही एक मार्ग आहे. चिमट्यात पिंकी धरून पिल्लाच्या शेपटीजवळ हलकेच टोचत राहायचं. ते रागाने चावा घेतं आणि दात अडकले की कधीकधी गिळायला लागतं. त्या क्षणी हात दगडासारखा स्थिर ठेवा. चिमटा जरा हलला तरी ते पिंकी टाकून देतं. जबडा उघडून घास भरवणं नवख्यांनी करूच नये, ते सरीसृपांच्या डॉक्टरांचं काम.

आणि हो, दूध पाजायच्या भानगडीत पडू नका. ते सापाला पचत नाही, नागपंचमी असली तरी.

दर आठवड्याला एक दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. सात ग्रॅमचं पिल्लू सव्वासहावर आलं, तर डॉक्टर गाठा. वजन टिकून असेल तर काही आठवडे उपास चालतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हातात घेऊ नका. उलटून टाकलं, तर दहा दिवस काही देऊ नका, पाणी मात्र ठेवा, तापमान तपासा आणि पुढची खेप अर्ध्या पिंकीची.